टॅबवर ओळ फोडणं : रिकाम्या रकान्यांचा हिशेब

गावांच्या नावांचा शोधक आता ओळ वाचून तिचे रकाने पाडू लागलाय. नव्याने येणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. जिओनेम्स या खुल्या संग्रहातली भारताची फाइल घ्यायची आणि गावाचं देवनागरी नाव दिलं की अक्षांश-रेखांश सांगणारा छोटा प्रोग्रॅम लिहायचा. भाषा सी, आणि बाहेरची लायब्ररी एकही नाही. फाइल साध्या मजकुराची, युटीएफ-८ मधली, म्हणजे एकेक अक्षर एक किंवा अधिक बाइटांत साठवण्याच्या पद्धतीतली. एका ओळीत एक ठिकाण, रकाने १९, दोन रकान्यांमध्ये टॅब.

१९ रकाने, म्हणून १८ टॅब. डिलिमिटर, म्हणजे तुकडे वेगळे करणारं चिन्ह, किती आहेत ते मोजा, एक मिळवा, तेवढे तुकडे मिळायलाच हवेत, मग त्यातले काही रिकामे का असेनात. या फाइलीत रिकामे रकाने भरपूर आहेत. लहान गावाला पर्यायी नावं नसतात, तालुक्याखालचे कोड नसतात, समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा रकाना तर कितीतरी ओळींत कोराच असतो. तिथे दोन टॅब एकमेकांना चिकटून येतात. त्या दोघांच्या मध्ये काहीच नाही, ही सुद्धा माहितीच आहे.

सी शिकलेल्या प्रत्येकाचा हात अशा वेळी आधी स्ट्रटॉककडे (strtok, मजकुराचे तुकडे पाडणारं सीमधलं तयार फंक्शन) जातो. म्हणून मुद्दाम तेच लावून पाहिलं. स्ट्रटॉक लागोपाठचे डिलिमिटर एकच समजतं, त्यामुळे पाच रकाने रिकामे असलेल्या ओळीचे १४ तुकडे झाले. पर्यायी नावं हा चौथा रकाना. तो कोरा असला की त्याच्या जागी अक्षांश येऊन बसतो आणि पुढचं सगळं सरकतं. प्रोग्रॅम कोसळत नाही, कंपायलर हूं की चूं करत नाही. फक्त उत्तर चुकतं. कोसळलेला प्रोग्रॅम मला यापेक्षा परवडतो.

स्ट्रटॉकच्या बाकीच्या खोडी माहीत असतीलच. डिलिमिटर सापडला की ते मूळ मजकुरातच तिथे शून्य बाइट (सीमध्ये मजकूर संपल्याची खूण) लिहितं, आणि आपण कुठवर आलो ते स्वतःपाशी लपवून ठेवतं. इथे टॅबने पाडलेल्या रकान्याच्या आत पुन्हा स्वल्पविरामाने पाडलेली नावं आहेत. आतल्या फोडणीसाठी स्ट्रटॉक बोलावलं की बाहेरच्या फोडणीची खूण पुसली जाते. स्ट्रटॉक-आर (strtok_r, ही खूण आपल्याकडे ठेवायला देणारं त्याचं भावंड) वापरून हे टळतं, पण चिकटलेले टॅब गिळणं तसंच राहतं. बीएसडी या युनिक्स घराण्याकडून आलेलं स्ट्रसेप (strsep) हे फंक्शन रिकामे तुकडे नीट देतं, मात्र मूळ ओळीत शून्य तेही लिहितं.

मग कसोटी ठरवली: ओळ फोडायची, तुकडे त्याच डिलिमिटरने परत जोडायचे, आणि मूळ ओळ बाइटन् बाइट तशीच आली पाहिजे. हीच कसोटी इतर भाषांना लावून बघायला मजा येते. 'पुणे,,सातारा,' हा मजकूर स्वल्पविरामावर फोडा. पायथॉन, जावास्क्रिप्ट आणि गो चार तुकडे देतात: पुणे, रिकामा, सातारा, रिकामा. जावाचं साधं स्प्लिट तीनच देतं, कारण शेवटचे रिकामे तुकडे ते टाकून देतं. हवे असतील तर मर्यादा म्हणून ऋण आकडा द्यावा लागतो. स्ट्रटॉक दोनच देतं. पायथॉनमध्येही स्प्लिटला काहीच न सांगता सोडलं तर ते कुठल्याही मोकळ्या जागेवर तोडतं आणि 'नवी मुंबई'चे दोन रकाने होतात. डिलिमिटर म्हणून टॅब स्पष्ट दिला की कसोटीला उतरतं. ऑक (awk) या मजकूर चाळणाऱ्या भाषेचंही तसंच.

तुकड्यांवर मर्यादा घालण्यातही गंमत आहे. पायथॉनला सांगितलं की एकदाच फोड, तर उरलेला सगळा मजकूर दुसऱ्या तुकड्यात येतो. जावास्क्रिप्टमध्ये मर्यादा दिली की तेवढे तुकडे मिळतात आणि उरलेला मजकूर चक्क फेकला जातो. ज्याने हे ठरवलं त्याच्याशी एकदा चहावर बोलायला आवडेल.

माझं फंक्शन शेवटी अगदी छोटं निघालं. ते काहीही कॉपी करत नाही आणि ओळीला हात लावत नाही. प्रत्येक तुकड्यासाठी दोनच गोष्टी लिहून ठेवतं: तुकडा कुठे सुरू होतो त्याचा पत्ता आणि त्याची लांबी. मेमचरने (memchr, ठरावीक बाइट शोधणारं सीचं फंक्शन) पुढचा टॅब शोधायचा, तिथवरचा तुकडा नोंदवायचा, टॅबच्या पुढच्या बाइटपासून पुन्हा शोध. टॅब संपले की उरलेला भाग हा शेवटचा तुकडा, लांबी शून्य असली तरी. हे शेवटचं कलम विसरलं की जावासारखं वागणं पदरी येतं. तुकडे १९ भरले नाहीत तर ओळ क्रमांकासह बाजूला काढतो, अंदाजाने काही जुळवत बसत नाही. डिलिमिटर म्हणून रिकामी स्ट्रिंग आली तर पायथॉनसारखा सरळ नकार.

बाइट-बाइट शोधताना देवनागरी अक्षर मध्येच तुटेल का, अशी शंका येणं साहजिक आहे. तुटत नाही. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये युटीएफ-८ आखताना ही काळजी घेतली आहे. बहुबाइटी अक्षराचा प्रत्येक बाइट १२८ किंवा त्याहून मोठा असतो. टॅब ९, स्वल्पविराम ४४. त्यामुळे 'क'च्या पोटात टॅब सापडूच शकत नाही.

पण डिलिमिटरच देवनागरी असेल तर? शोधकाला याची गरज नाही, तरी राहवलं नाही म्हणून एका अभंगाचा मजकूर दंडावर फोडून पाहिला. '।' हे चिन्ह तीन बाइटांचं: २२४, १६५, १६४. स्ट्रटॉकला दुसरं आर्ग्युमेंट म्हणून दिलेली स्ट्रिंग हा सुट्या बाइटांचा संच असतो, त्यातला कुठलाही एक बाइट दिसला की ते तोडतं. आणि देवनागरीचं प्रत्येक अक्षर सुरूच होतं २२४ ने, दुसरा बाइट १६४ नाहीतर १६५. 'तुका' या शब्दाचे १२ बाइट. त्यातला 'त' म्हणजे २२४, १६४, १६४, तो अख्खाच नाहीसा झाला. उरले १२९, १४९ आणि १९० असे एकेका बाइटाचे तीन तुकडे. 'थ'चीही हीच गत. दंड एकही नसलेल्या शब्दाचा असा चुरा! आता माझं फंक्शन डिलिमिटर पूर्ण स्ट्रिंग म्हणून घेतं आणि तिन्ही बाइट ओळीने जुळले तरच तोडतं. युटीएफ-८ मध्ये अक्षराचा पहिला बाइट आणि पुढचे बाइट वेगळे ओळखू येतात, त्यामुळे दोन अक्षरांवर अर्धवट पडणारी खोटी जुळणी होत नाही.

जाता जाता: आस्की या जुन्या मूळ चिन्हसंचात २८ ते ३१ ही चार चिन्हं नेमकी विभाजनासाठीच राखलेली आहेत. ती नावात येत नाहीत, पत्त्यात येत नाहीत. पण कीबोर्डावर त्यांची कळ नाही, म्हणून आपण स्वल्पविरामावरून भांडत बसतो.

ही फाइल पायथॉनच्या सीएसव्ही मॉड्यूलने (रकान्यांच्या फाइली वाचणारा तयार भाग) वाचणाऱ्यांसाठी एक सूचना. नुसतं डिलिमिटर टॅब करून भागत नाही, अवतरणचिन्हांची प्रक्रियाही बंद करा. नाहीतर एखादा रकाना सुट्या दुहेरी अवतरणाने सुरू झाला की पुढचं अवतरण सापडेपर्यंत टॅब आणि ओळी सगळं त्याच रकान्यात जातं.

पर्यायी नावांचा रकाना स्वल्पविरामावर फोडून देवनागरी नावं वेगळी काढणं जमलंय. पहिला बाइट २२४, दुसरा १६४ किंवा १६५, एवढी चाळणी पुरते. मात्र हा रकाना जिओनेम्सने सोयीसाठी दिलेला आहे, त्यात भाषेची खूण नाही. हिंदीतलं 'नासिक' आणि मराठीतलं 'नाशिक' दोन्ही देवनागरीच, मग कुठलं कुणाचं ते कसं ओळखणार? शिवाय नावातच स्वल्पविराम असेल तर तोडलेलं परत ओळखायला मार्ग नाही.

म्हणून पुढचा टप्पा पर्यायी नावांची स्वतंत्र फाइल. तिच्यात प्रत्येक नावाला ओळ, भाषेच्या कोडाचा रकाना आणि ठिकाणाचा क्रमांक आहे, तो क्रमांक मुख्य फाइलीशी जोडायचा. रकाने दहा. नावानंतरचे सहा, म्हणजे पसंतीचं नाव, छोटं रूप, बोलीतलं, ऐतिहासिक, कधीपासून, कधीपर्यंत, बहुतेक ओळींत रिकामे. जावात हे करणाऱ्यांनी ऋण मर्यादा आत्ताच लिहून ठेवा. मी आधी महाराष्ट्राच्या ओळी वेगळ्या काढतो, पहिल्या पातळीचा प्रशासकीय कोड १६, आणि तेवढ्यांवरच जोडणी करून वेग बघतो.