नवी इनर्शिया सेमी-ऑटो: बार ते पुढचं काडतूस, हे चक्र नेमकं कुठे अडतं? (प्रगतीची नोंद)

बंदूक १२ बोअरची (छऱ्यांची), इनर्शिया म्हणजे जडत्वाच्या पद्धतीनं स्वतःच पुढचं काडतूस भरणारी सेमी-ऑटो. चेंबर (नळीच्या मागची काडतूस बसायची जागा) ७६ मिलिमीटर, नळी २८ इंची, वजन सव्वातीन किलोच्या आसपास. वापर स्पोर्टिंग क्ले आणि ट्रॅप या उडत्या मातीच्या तबकड्यांवरच्या नेमबाजीसाठी. तक्रार अशी की ३२ ग्रॅम छऱ्यांची काडतुसं बहुतेक चालतात, पण २८ ग्रॅमला पुंगळी (झाडलेलं रिकामं काडतूस) बाहेर पडायच्या खिडकीत अडकते किंवा पुढचं काडतूस वर येतच नाही. अमेरिकेत पहिली सेमी-ऑटो घेणाऱ्या आपल्या मंडळींकडून नेमकं हेच ऐकू येतं, आणि बरेच जण लगेच बंदूक परत पाठवायला निघतात. त्याआधी काय तपासायचं आणि कोणत्या क्रमानं, हे लिहून ठेवतोय.

आधी यंत्रणा. ब्रूनो चिवोलानी यांची ही रचना घेऊन १९६७ साली इटलीतल्या उर्बिनोत बेनेली उभी राहिली. आज फ्रांकी, स्टोगर आणि तुर्कस्तानातले अनेक कारखाने याच तत्त्वावर बंदुका बनवतात. बार झाला की बंदूक मागे सरकते, बोल्टचा (चेंबर मागून बंद करणाऱ्या सरकत्या तुकड्याचा) जड भाग मात्र जडत्वामुळे जागच्या जागी राहू पाहतो. त्या दोघांच्या मध्ये असलेली आखूड, कडक इनर्शिया स्प्रिंग दाबली जाते. ती उसळली की बोल्टचं फिरतं डोकं सुटतं आणि बोल्ट मागे जातो. म्हणजे सगळं भांडवल बंदुकीच्या मागे येण्याच्या वेगात आहे, आणि स्प्रिंगला मिळणारी ऊर्जा त्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. सेकंदाला १२०० फूट वेगाचंच ३२ ऐवजी २८ ग्रॅमचं काडतूस घातलं तर धक्का साधारण दहा टक्क्यांनी घटतो, पण स्प्रिंगची ऊर्जा जवळपास वीस टक्क्यांनी. नव्या बंदुकीत घर्षण जास्त असतं. हिशोब तिथेच चुकतो.

बिघाड वाचणं

‘जॅम झाली’ एवढ्यावर काहीच कळत नाही. खरी पहिली चाचणी ही: मॅगझीनमध्ये (नळीखालच्या काडतुसांच्या नळीत) एकच काडतूस, चेंबर रिकामं. बोल्ट ओढून ते चेंबरमध्ये घ्यायचं आणि बार करायचा. मॅगझीन आता रिकामं आहे, त्यामुळे बोल्ट मागे जाऊन उघडा अडकायला हवा. पुंगळी बाहेर पडली पण बोल्ट पुन्हा बंद झाला, तर तो पूर्ण मागे गेलेलाच नाही. ऊर्जा कमी पडते आहे किंवा घर्षण जास्त आहे. पुंगळी पायाशी पडत असेल तर तेच. दोन-अडीच मीटरवर जोरात पडत असेल आणि तरी मॅगझीन भरलेलं असताना पुढचं काडतूस बाहेर येत नसेल, तर ऊर्जेकडे बघूच नका. दोष मॅगझीनच्या स्प्रिंगमध्ये, फॉलोअरमध्ये (स्प्रिंगपुढे काडतुसाला ढकलणारी टोपी) किंवा काडतूस अडवणाऱ्या लॅचमध्ये आहे. स्थलांतरी पक्ष्यांच्या शिकारीसाठी अमेरिकेत तीनच काडतुसांची मर्यादा असते, म्हणून मॅगझीनमध्ये दांडी घालून देतात. ती वाकडी बसली तर स्प्रिंग घासते. दांडी काढून पुन्हा चाचणी करायची.

यातली एक गोष्ट बिघाड नसतेच. बेनेली धाटणीच्या बंदुकीत हातानं बोल्ट मागेपुढे केला म्हणून मॅगझीनमधलं काडतूस आपोआप वर येत नाही. ट्रिगर गार्डजवळची रिलीज कळ दाबली की ते लिफ्टरवर (काडतूस वर उचलणाऱ्या पट्टीवर) येतं, मग बोल्ट ओढायचा. वरची एकाच काडतुसाची चाचणीही याच पद्धतीनं करायची. पुस्तिका न वाचल्यामुळे यावर फार वेळ वाया जातो.

नुसता ‘टक्’ आवाज येऊन बार न होणं ही तिसरी तऱ्हा. अशा वेळी नळी मैदानाच्या दिशेनेच धरून तीस सेकंद थांबायचं, मग काडतूस काढून प्रायमरवरचा (बुडाच्या मधल्या पेट घेणाऱ्या टोपीवरचा) खळगा बघायचा. खोल असेल तर काडतूस खराब. उथळ असेल तर बोल्टचं डोकं पूर्ण फिरून लॉक झालेलं नव्हतं. बोल्ट हातानं धरून हळूच पुढे सोडला की हे हमखास होतं. बोल्ट स्वतःच्या जोरानं आपटूनच बंद व्हायला हवा. आणि आवाज फुसका आला, धक्का जाणवला नाही, तर पुढचा बार मुळीच नाही: बंदूक रिकामी करून नळीतून आरपार उजेड दिसतो का ते बघायचं. वॅड (छऱ्यांमागचा प्लॅस्टिकचा पेला) अडकलेल्या नळीत दुसरा बार केला तर नळी फुटते.

काडतूस आणि पकड

सुरुवात ३२ ग्रॅम, सेकंदाला १२०० फूट किंवा त्याहून वेगवान काडतुसांनी करायची. पुस्तिकेत बंदूक ‘रुळवण्यासाठी’ जड काडतुसं सांगितली असतील तर तेवढी आधी संपवायची. घासणारे पृष्ठभाग एकमेकांना जुळेपर्यंत हलकं काडतूस घालून निष्कर्ष काढू नये. दरवेळी एकच गोष्ट बदलायची. काडतूसही बदललं आणि तेलही दिलं, तर कशामुळे सुधारलं ते कधीच कळत नाही.

पकडीचा परिणाम इनर्शिया बंदुकीत फार. दस्ता खांद्यात नीट बसलेला हवा, पण बाक, वाळूची पिशवी किंवा खांब यांना टेकवून बंदूक मागे सरकूच दिली नाही तर स्प्रिंग दाबली जाणार नाही. कंबरेजवळ सैल धरून केलेली चाचणीही विश्वासाची नाही. वजनाचं गणितही तेच: मॅगझीन एक्स्टेन्शन, काडतुसांचा पट्टा, टॉर्च असं ४०० ग्रॅम वाढवलं की मागे येण्याचा वेग दहा-अकरा टक्क्यांनी घटतो, म्हणजे २८ ग्रॅमचं काडतूस घातल्याइतकाच तोटा. हलकी काडतुसं आणि जड बंदूक, दोन्ही एकदम नको.

मॅगझीनची टोपीही दर खोक्यानंतर, म्हणजे २५ बारांनी, बोटांनी तपासायची. ती सैल झाली की नळी जागची हलते. मग काही बार बरे, काही वाईट, असा नेम नसलेला त्रास सुरू होतो.

ग्रीस, आणि दस्त्यातली नळी

या बंदुकीतली मोठी अडचण इथे सापडली. कारखान्यातून निघताना गंज लागू नये म्हणून चिकट थर दिलेला असतो. ते वंगण नव्हे. मॅगझीन आणि चेंबर रिकामं असल्याची डोळ्यानं व बोटानं खात्री करून बंदूक खोलायची. बोल्ट, फिरतं डोकं, फायरिंग पिनची वाट, रिसीव्हरमधल्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या धातूच्या पेटीतल्या) खाचा, हे सगळं सॉल्व्हंटनं कोरडं होईपर्यंत पुसायचं. नंतर रुळांवर आणि डोक्याच्या लॉकिंग दातांवर तेलाचा एकेक थेंब पसरायचा. पिनच्या वाटेत तेल नको. थंडीत जास्तीचं तेल घट्ट होतं, धुराची काजळी मिसळली की त्याचा लगदा होतो.

बोल्ट साफ करून बहुतेक जण थांबतात. पण या धाटणीच्या बऱ्याच बंदुकांमध्ये, उदाहरणार्थ बेनेली एम-२ मध्ये, बोल्टला परत पुढे ढकलणारी रिकॉइल स्प्रिंग दस्त्याच्या आत एका नळीत असते, आणि तिथलं ग्रीस वरून दिसत नाही. (फ्रांकी ॲफिनिटीत ती मॅगझीनच्या नळीभोवती असते, त्यामुळे काम सोपं.) खूण सोपी आहे: बोल्ट ओढताना शेवटच्या दोन-तीन सेंटिमीटरला चिखलात ओढल्यासारखं जड लागतं.

मागचं रबरी पॅड काढलं की आत नट दिसतो; तो लांब सॉकेटनं सोडवायचा. दस्ता आणि रिसीव्हर यांच्यामधली शिम (पातळ चकती) कोणत्या बाजूनं बसली आहे त्याचा फोटो आधी काढून ठेवायचा, कारण ती उलटी बसली की दस्त्याचा कल बदलतो. दस्त्यातल्या त्या नळीच्या टोकाची टोपी सोडवताना स्प्रिंग दाबात असते. चष्मा घालायचा, वर जाड चिंधी धरायची आणि टोपी शेवटपर्यंत दाबून ठेवायची. स्प्रिंग आणि प्लंजर (स्प्रिंगपुढचा सरकता दट्ट्या) ज्या तोंडानं निघाले त्याच तोंडानं परत जायला हवेत. नळीत चिंधी फिरवून पिवळट ग्रीस पूर्ण काढायचं आणि तेलाचा नुसता हात फिरवायचा.

जोडताना एकच जागा चकवते. बोल्टमागे लोंबणारी कडी प्लंजरच्या वाटीत बसायला हवी. ती वाटीबाहेर राहिली तर बोल्ट अर्ध्यावरच घट्ट थांबतो. तिथे जोर लावू नये. रिसीव्हर उलटा धरून कडी मागे पडू द्यायची आणि पुन्हा घालायचं.

या साफसफाईनंतर २८ ग्रॅमला शेवटच्या बारानंतर बोल्ट उघडा अडकू लागला. बाकी काही बदललेलं नव्हतं, त्यामुळे कारण पक्कं.

उरलेला त्रास: चेंबर

स्वस्त काडतुसांच्या मोठ्या खोक्यांमध्ये बुडाचा धातू बहुधा पितळी मुलामा दिलेलं पोलाद असतो. चुंबक लावला की कळतं. पितळ बारानंतर आकसून सुटं होतं, पोलाद तेवढं आकसत नाही. चेंबरमध्ये यंत्रकामाच्या बारीक रेघा असतील तर पुंगळी धरून ठेवली जाते. बोल्ट बंदच राहतो, हँडल ओढायला जोर लागतो आणि पुंगळीच्या कडेवर एक्स्ट्रॅक्टरचा (पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याचा) ओरखडा दिसतो. हे ऊर्जेच्या कमतरतेपेक्षा वेगळं दुखणं आहे. खात्रीसाठी पितळी बुडाची काडतुसं घालून बघावीत. त्रास गेला तर दोष चेंबरमध्ये.

नळी सुटी करून चेंबर ब्रशवर ०००० नंबरची पोलादी लोकर गुंडाळायची, तेलात भिजवायची आणि ड्रिलवर हळू वेगानं अर्धा मिनिट फिरवायची. फक्त चेंबरमध्ये, पुढच्या उतारावर नाही. नंतर सगळं पुसून काढायचं, धातूचा एकही तंतू राहता कामा नये. क्रोम चढवलेलं चेंबर असेल तर घासायचं नाही, सॉल्व्हंट आणि नायलॉन ब्रश पुरे. कानस आणि सँडपेपर कुठेच नाही. एक्स्ट्रॅक्टर किंवा लॅच घासायची वेळ आली असं वाटलं तर बंदूक वॉरंटीत गनस्मिथकडे द्यावी.

बाराच्या गॅसच्या दाबावर चालणाऱ्या बंदुकीला यातलं चेंबर आणि काडतुसांचं सगळं लागू आहे, पकडीचं फारसं नाही. तिथे आधी पिस्टन उलटा बसला आहे का आणि नळीतली गॅसची भोकं काजळीनं बुजली आहेत का ते बघायचं. रेमिंग्टन ११०० मध्ये मॅगझीनच्या नळीवरची रबरी ओ-रिंग तुटली किंवा साफसफाईत हरवली की गॅस गळतो आणि बोल्ट अर्ध्यातून परत येतो. स्वस्तातली वस्तू आहे, दोन-तीन जास्तीच्या पेटीत ठेवाव्यात.

सध्याची स्थिती: ३२ आणि २८ ग्रॅम दोन्ही सलग चालतात, पोलादी बुडाचीसुद्धा. २४ ग्रॅम अजून बाकी आहे. त्यातली सेकंदाला १३०० फुटांच्या वरची आधी घालणार, पॅड आणि दस्ता आहे तसाच ठेवून.