पंख्याचं झिजलेलं चाक आणि पाबळ

आईचा टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून बसला होता. मान फिरवणाऱ्या नायलॉनच्या चाकाचे दाते झिजलेले. कोपऱ्यावरचे रिपेअरवाले काका म्हणाले, "हा पार्ट आता येत नाही." पंखा टाकवेना. शेवटी गिअरबॉक्स काढून पिशवीत घातला आणि शनिवारी सकाळी गाडीला किक मारली.

पुण्याहून नगर रस्त्याने शिक्रापूर, तिथून डावीकडे. पाबळ बहुतेकांना मस्तानीच्या समाधीमुळे माहीत असतं. मी आधी फोन करून विज्ञान आश्रमात निघालो होतो. आवारात शिरताच त्रिकोणाला त्रिकोण जोडून उभारलेले घुमट दिसतात. हेच ते पाबळ डोम. आत मध्ये एकही खांब नाही. मी बराच वेळ नुसता वर बघत उभा राहिलो.

शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली या अवर्षणग्रस्त गावात आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेल्या मुलांनी वेल्डिंग, शेती, वायरिंग, स्वयंपाक हाताने करत शिकावं आणि त्यातूनच विज्ञान कळावं, ही त्यांची धारणा. पुढे २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या नील गर्शेनफेल्ड यांच्या पुढाकाराने इथे फॅब लॅब आली, म्हणजे कॉम्प्युटरवर आखलेली वस्तू यंत्रांनी तिथेच बनवता येईल अशी छोटी कार्यशाळा. जगातल्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ही एक, आणि ती आली शिरूर तालुक्यात! सुरुवातीला इथे डोकं चाललं ते दूध तपासायच्या आणि डिझेल इंजिनाच्या उपकरणांवर. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. यंत्रं आली तेव्हा गावाकडे अडचणी तयार होत्या आणि पोरांच्या हातांना कामाची सवयही होती.

लॅबमध्ये लेझर कटर, थ्रीडी प्रिंटर, आणि टेबलावर सोल्डरिंगचा वास. तिथल्या एका विद्यार्थिनीने माझं चाक व्हर्नियरमध्ये, म्हणजे बारीक मापं घ्यायच्या पट्टीत, धरलं. दाते २८, झीज धरून बाहेरचा व्यास ३० मिलिमीटर. "दादा, दात्यांत दोन मिळवायचे आणि व्यासाला त्याने भागायचं. मॉड्यूल, म्हणजे दात्याच्या आकाराचं माप, एक आला." दहावीनंतर भागाकाराचा एवढा आनंद मला झाला नव्हता.

थ्रीडी प्रिंटरमधून पहिलं चाक सुबक निघालं, पण बसवल्यावर अडकलं. तिने जुनं चाक उजेडात तिरकं धरलं आणि मला दाखवलं. दाते सरळ नव्हते, किंचित कललेले होते. मोटरच्या दांड्यावर मळसूत्रासारखे आटे, त्यांच्याशी जुळण्यासाठी तो कल. मी ते चाक दोन महिने घरात बघत होतो, तरी मला दिसलं नव्हतं.

तिने कॉम्प्युटरवर दाते कलवले, प्लॅस्टिकही बदललं. प्रिंटरचं नेहमीचं प्लॅस्टिक, पीएलए, साधारण ६० अंशांना मऊ पडायला लागतं आणि मोटर तापते, म्हणून जास्त उष्णता सोसणारं पीईटीजी घेतलं. चाक तयार होईपर्यंत मी बाहेर जाऊन चहा प्यायलो. या खेपेला हाताने दांडा फिरवला आणि गिअरबॉक्स गुमान फिरला. आम्ही दोघंही एकदमच "झालं!" म्हणालो. तिने आणखी एक चाक करून दिलं, फाइलही दिली.

रात्री आईने पंखा लावला. तो भिंतीकडून तिच्याकडे वळला, परत गेला, परत आला. ती बराच वेळ त्याच्यासमोर बसून होती.

जादाचं चाक घेऊन मी रविवारी काकांकडे गेलो. त्यांनी ते नखाने तपासलं, दाते मोजले. मग फळीवरचा डबा उपडा करून त्यातून तीन वेगवेगळी झिजलेली चाकं काढली आणि कागदात बांधून माझ्या हातात दिली. "परत कधी जाणार आहेस?"