आभारपत्रातली ती तीन वाक्यं

अमेरिकेतल्या एका मेडिकल कॉलेजच्या ॲडमिशन ऑफिसात मी काम करते. सप्टेंबर ते फेब्रुवारी मुलाखती चालतात, आणि कोविडपासून आमच्याकडे त्या झूमवरच होतात. मुलाखत संपली की त्याच रात्री थँक यू नोट्स यायला लागतात. चोवीस तासांच्या आत पाठवा, असं या मुलांच्या मनावर कुणीतरी बिंबवलेलं असतं. त्या कुणीतरीत भरमसाट फी घेणारे सल्लागारही आले. चार ओळी वाचल्या की साचा कळतो. ‘आपली अमुक विषयावरची चर्चा विशेष आवडली.’ अमुकच्या जागी काय टाकायचं तेवढं बदलतं, आणि कधीकधी तेही बदलायचं राहून जातं.

या पत्रांनी काडीचा फरक पडत नाही, हे बाहेर कुणाला खरं वाटत नाही. मुलाखत घेणाऱ्या डॉक्टरांनी मार्कांचा फॉर्म त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत भरायचा, अशी आमच्याकडे सक्त ताकीद आहे. एकदा ‘सबमिट’ केलं की फॉर्म त्यांनाही उघडता येत नाही. पत्र पोचेपर्यंत मार्क ठरलेले असतात. शिवाय डॉक्टरांचे ईमेल आम्ही देतच नाही. आभार मानायचेच असतील तर ऑफिसला लिहा, आम्ही पुढे पोचवू, असं आदल्या दिवशीच्या सूचनांत स्पष्ट लिहिलेलं असतं. म्हणजे प्रत्येक पत्र आधी मी वाचते. प्रवेश ठरवणाऱ्या कमिटीसमोर एकही जात नाही.

नाशिकच्या माझ्या भावाला यातलं काहीच पटत नाही. त्याच्या मुलीने ‘नीट’ परीक्षा दिली, ७२० पैकी मार्क आले, सीईटी सेलच्या यादीत नाव लागलं, विषय संपला. पुण्याच्या एएफएमसीसारखे (सैन्यदलाचं मेडिकल कॉलेज) अपवाद सोडले तर तिकडे मुलाखतच नाही. “मग आभार कुणाचे मानायचे, संगणकाचे?” असं तो विचारतो.

गेल्या ऑक्टोबरात एका मुलीची दोन पत्रं आली. १५ ऑक्टोबर उलटून गेला होता. त्याआधी नेहमीच्या फेरीत कुणालाही प्रवेश देऊ केलेला चालत नाही, त्यामुळे त्या आठवड्यात आमचे फोन थांबत नाहीत. पहिलं पत्र साच्यातलंच होतं. दुसरं एका ज्येष्ठ सर्जनना लिहिलेलं. त्यात म्हटलं होतं (मी मराठीत सांगते; रेसिडेन्सी म्हणजे डॉक्टरकीच्या पदवीनंतरचं हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण): ‘लग्न कधी करणार आणि मुलं झाल्यावर पाच वर्षांची सर्जरीची रेसिडेन्सी कशी झेपेल, असं तुम्ही विचारलंत. त्यावर मी आणि माझा होणारा नवरा रात्री बराच वेळ बोललो. हा विषय इतक्या मोकळेपणाने काढल्याबद्दल मनापासून आभार.’

मी हातातला फोन खाली ठेवला.

हा प्रश्न विचारायला बंदी आहे. टायटल नाइन हा शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई करणारा १९७२ चा कायदा. त्याखालच्या नियमांत प्रवेशाआधी वैवाहिक स्थिती विचारायची नाही असं म्हटलंय. अर्जदार ‘मिस’ आहे की ‘मिसेस’ हेसुद्धा विचारायचं नाही, इतकं सोलून लिहिलंय. आमचे सगळे डॉक्टर दरवर्षी याचं ऑनलाइन प्रशिक्षण ‘घेतात’. एका हातात कॉफी, दुसऱ्या हाताने ‘नेक्स्ट’, ‘नेक्स्ट’, की प्रमाणपत्र तयार.

पत्र मी डीनकडे नेलं. सर्जननी काही नाकारलं नाही. “तिच्या भल्यासाठीच विचारलं,” म्हणाले, आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे. मुलाखतींसाठी स्वतःचा वेळ न कुरकुरता देणाऱ्या मोजक्या लोकांपैकी ते एक. पण त्यांचा फॉर्म रद्द झाला. आता गंमत बघा, त्या फॉर्ममध्ये तिला त्यांनी भरघोस मार्क दिले होते. ‘परिपक्वता’ या रकान्यात तर पूर्ण. नियमाप्रमाणे दुसऱ्या डॉक्टरांनी तिची पुन्हा मुलाखत घेतली. या बाईंचा हात आखडता म्हणून प्रसिद्ध आहे. मार्क कमी पडले आणि मुलगी वेटलिस्टवर गेली. एप्रिलअखेर तिने दुसऱ्या कॉलेजात जागा पक्की केली.

पुन्हा मुलाखत ठरवायला मी फोन केला तेव्हा तिने एवढंच विचारलं, “माझ्या पत्रात काही चुकलं का?” मी नाही म्हटलं. कारण सांगायची मला परवानगी नव्हती.

ते पत्र तिने भाबडेपणाने लिहिलं होतं का? की ऑफिसात कुणीतरी वाचणार हे ओळखून, तक्रार म्हणता येणार नाही अशी तक्रार केली होती? मी दोन्ही बाजूंनी वाचून पाहिलं. ‘मोकळेपणाने’ हा शब्द एकदा सरळ वाटतो, एकदा तिरका. तिचं ते पहिलं, साच्यातलं पत्र दोन ओळींचं, कोरडं. हिला खरं तर आभारबिभार मानायची हौस दिसत नाही.

तक्रारीसाठी आमच्याकडे निनावी सर्व्हे आहे. मुलाखतीनंतर दोन दिवसांनी लिंक जाते. प्रवेशाचा निकाल टांगणीला असताना त्यात खरं कोण लिहिणार? सगळे पाचपैकी पाच देऊन मोकळे होतात.

डीननी यातून धडा घेतला तो भलताच. यंदाच्या सूचनांत ‘कृपया थँक यू नोट पाठवू नये’ असं मोठ्या अक्षरात टाकायला मला सांगितलंय. बऱ्याच कॉलेजांनी असं केलंय आणि मुलांचा एक ताप वाचतो, हे मलाही मान्य. पण ती खिडकी बंद करायची तर सर्व्हे ३० एप्रिलनंतर, बहुतेकांच्या जागा ठरल्यावर पाठवा, असं मी लेखी दिलंय. तोवर कुणाला काय आठवणार, असं डीनचं उत्तर आलं. पाच वर्षांच्या रेसिडेन्सीचं विचारलेलं कोण विसरेल, असं मी परत लिहिलंय. सूचनांचा मसुदा अजून माझ्याच टेबलावर आहे.