राकँबाईंचे डोळे

काल रात्री एमिल झोलाची 'तेरेझ राकँ' संपवली आणि मग झोपच येईना. १८६७ ची कादंबरी, मी इंग्रजी भाषांतरातून वाचली. (पुढे बरंच काही फुटणार आहे, वाचायची असेल तर इथेच थांबा.)

पॅरिसमधली अंधारी, ओल आलेली गल्ली, तिथे सुया-दोरे-बटणांचं दुकान, वरच्या मजल्यावर राकँबाई, त्यांचा सतत आजारी मुलगा कामीय आणि त्याची बायको तेरेझ, म्हणजे बाईंचीच भाची, आत्याने लहानपणापासून वाढवली आणि आपल्याच मुलाला देऊन टाकली. मग कामीयचा मित्र लोराँ घरी यायला लागतो, लफडं सुरू होतं, आणि एक दिवस लोराँ कामीयला बोटीतून सेन नदीत फेकतो, तेरेझ बोटीत बसून असते. अपघात म्हणून सगळं पचून जातं.

पण खरी कादंबरी इथून पुढे आहे. बुडताना कामीय लोराँच्या मानेला कडकडून चावलेला असतो, तो व्रण काही केल्या जात नाही. दोघांचं लग्न होतं, तेही घरच्यांनीच पुढाकार घेऊन लावलेलं, पण पलंगावर दोघांच्या मध्ये भिजलेला कामीय असतोच. ज्या ओढीपायी खून केला ती ओढच मेलेली. पोलीस लागतच नाहीत हो, गंमत म्हणजे दर गुरुवारी डॉमिनो खेळायला येणाऱ्या मंडळींत एक रिटायर्ड पोलीस कमिशनरच आहे!

मला हलवलं ते राकँबाईंनी. अर्धांगवायूने त्यांचं शरीर जातं, वाचा जाते, फक्त डोळे जिवंत राहतात आणि नेमकं तेव्हाच लोराँ भीतीने भान सुटून त्यांच्यासमोर सगळं बोलून जातो. म्हणजे मुलाच्या खुन्यांच्या हातून खायचं, त्यांनीच उचलून खुर्चीत बसवायचं, आणि सांगता काही येत नाही. एका गुरुवारी त्या सगळी ताकद एकवटून बोटाने टेबलावर अक्षरं काढतात, मराठीत सांगायचं तर 'तेरेझ आणि लोराँ यांनी...' आणि हात गळून पडतो. ग्रिव्हे नावाचे पाहुणे, ज्यांना बाईंच्या मनातलं सगळं कळतं म्हणे, ते लगेच वाक्य पुरं करतात, यांनी माझी किती छान काळजी घेतली! सगळ्यांना पटतं. डॉमिनो पुन्हा सुरू.

इथे मी पुस्तक मिटलं, कारण मला आजी आठवली.

शेवटची दोन वर्षं तिलाही बोलता येत नव्हतं. तिने नुसती नजर वळवली तरी आम्ही म्हणायचो पाणी हवंय, पंखा लावा, आणि आम्हाला तिचं सगळं कळतं असं पाहुण्यांना कौतुकाने सांगायचो. एकदा दुपारी ती डाव्या हाताच्या बोटाने चादरीवर काहीतरी गिरवत होती, खूप वेळ, परत परत तेच. काकू म्हणाली चादर टोचतेय त्यांना. मी कपाटातून धुतलेली मऊ चादर आणली, आम्ही दोघींनी तिला कुशीवर वळवून ती घातली, आणि आजीने डोळे मिटून घेतले.