डाउथच्या टेकडीवर सूर्य कुणी थांबवला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. आयर्लंडमधील बॉइन नदीच्या खोऱ्यात राहतो, असे सांगितले की पुढचा प्रश्न बहुधा ठरलेलाच असतो: तिथल्या त्या सूर्याच्या आणि देवांच्या कथांमध्ये खरे किती? विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना उत्तर ‘सगळे खरे’ असे हवे असते आणि उरलेल्यांना ‘सगळे थोतांड’ असे. माझे उत्तर या दोन्हींत बसत नाही, म्हणून ते एकदा सविस्तर मांडतो.

मीथ परगण्यात बॉइनच्या एका वळणात न्यूग्रेंज, नाउथ आणि डाउथ अशी तीन मोठी दफनस्थाने आहेत. ती इसवी सनापूर्वी 3200 च्या सुमारास, म्हणजे इजिप्तमधील पिरॅमिडांच्याही आधी, शेती करणाऱ्या लोकांनी बांधली. पाहुणे न्यूग्रेंजला जातात. मी मात्र त्यांना आधी डाउथला नेतो. तिथे तिकीट नाही, बस नाही, मार्गदर्शकही नाही. फाटक उघडून आत गेले की समोर गवताने झाकलेला प्रचंड उंचवटा दिसतो आणि त्याच्या माथ्यावर एक मोठा खड्डा. हा खड्डा बांधणाऱ्यांचा नव्हे. 1847 मध्ये रॉयल आयरिश अकादमीच्या वतीने जे उत्खनन झाले, त्याची ती खूण आहे. उंचवट्याच्या पूर्वेकडील पायथ्याशी एक शिळा उघडी पडली आहे. तिच्यावर वर्तुळे कोरलेली असून त्यांतून चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा फुटतात. लोक तिला सात सूर्यांची शिळा म्हणतात.

डाउथची कथा ‘दिनशनखस’ नावाच्या मध्ययुगीन आयरिश संग्रहात येते. आपल्याकडील स्थळमाहात्म्यांप्रमाणे तिथेही प्रत्येक टेकडीची, डोहाची आणि नदीच्या उताराची कुळकथा सांगितलेली आहे. ब्रेसल राजाच्या काळात गुरांवर रोग पडला आणि साऱ्या देशात सात गाई आणि एक बैल एवढेच उरले. राजाने आयर्लंडमधील सगळ्या पुरुषांना बोलावून आकाशाला भिडेल असा मनोरा बांधायला लावले, पण लोकांनी एकाच दिवसाचे काम कबूल केले होते. तेव्हा राजाच्या बहिणीने मंत्रबळाने सूर्य जागच्या जागी थोपवला, जेणेकरून काम संपेपर्यंत तो दिवस संपू नये. पुढे राजाने त्याच बहिणीशी संग केला, मंत्र तुटला, एकाएकी अंधार पडला आणि लोक काम टाकून घरी निघून गेले. डाउथ हे नाव त्याच अंधारावरून पडले, असे कथा सांगते.

आता यात खरे काय? थंडीत, विशेषतः डिसेंबरच्या अयनदिनाच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाच्या आसपास, मावळत्या सूर्याचे किरण डाउथच्या दक्षिणेकडील लहान दालनात शिरतात. न्यूग्रेंजमध्ये त्याच दिवसांत उगवता सूर्य दारावरच्या झरोक्यातून एकोणीस मीटर लांबीच्या बोळातून आत येतो आणि सुमारे सतरा मिनिटे आतील दालन उजळते. हे 21 डिसेंबर 1967 रोजी आत बसून पुरातत्त्वज्ञ मायकल ओ’केली यांनी पाहिले. सूर्य कधीतरी आत येतो, असे परिसरातील लोक त्याआधीच सांगत होते. अयनदिनाला सूर्य क्षितिजावर काही दिवस एकाच ठिकाणी उगवताना आणि मावळताना दिसतो, आणि कथेतला सूर्यही थांबलेलाच आहे.

इथे पुष्कळांची घाई होते. 2020 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात डब्लिनच्या संशोधकांनी न्यूग्रेंजमधील एका पुरुषाच्या हाडाच्या जनुकीय अभ्यासावरून दाखवले की त्याचे आईवडील एक तर सख्खे भाऊबहीण होते किंवा त्यांच्यात पालक आणि अपत्याचे नाते होते, आणि त्यावरून तिथे एखादे राजघराणे असावे असे सुचवले. डाउथच्या कथेशी हे इतके जुळले की चार हजारांहून अधिक वर्षांची स्मृती जिवंत राहिली, असा निष्कर्ष अनेकांनी काढला. पुढे 2025 मध्ये पुरातत्त्वज्ञांच्या दुसऱ्या एका गटाने ‘अँटिक्विटी’त आक्षेप घेतला की एका हाडाच्या तुकड्यावरून राजघराणे उभे करता येत नाही. मला हा आक्षेप पटतो.

मला अधिक सरळ वाटणारी गोष्ट अशी की या कथा लिहिणाऱ्यांच्या पूर्वजांनी डाउथ आतून पाहिले होते. त्याच्या उत्तरेकडील बोळाला आरंभीच्या मध्ययुगात खोदलेले एक भुयार जोडलेले आहे. नाउथच्या दालनातल्या दगडांवर तर त्या काळातील माणसांनी आपली नावेही कोरून ठेवली आहेत. बांधणारे कोण होते हे त्यांना ठाऊक असण्याचा संभव नव्हता, पण सूर्य कुठून येतो हे पाहायला डोळे पुरेसे होते. नाशिकच्या बौद्ध लेण्यांना लोकांनी पांडवांचे नाव दिले. त्यात इतिहास चुकला, तरी हे काम साध्यासुध्या हातांचे नव्हे ही पारख चुकली नाही. बॉइनच्या कथांकडेही मी असाच पाहतो. बांधणाऱ्यांविषयी त्यांना विचारू नये. त्या स्थळाकडे शेकडो वर्षे पाहत राहिलेल्यांना काय दिसले, ते त्या नेमके सांगतात.

यावर हट्टाने कुणी म्हणतो की स्मृती तरीही टिकली असेल. त्यांना मी न्यूग्रेंजजवळच्या शेताची हकिकत सांगतो. 2018 च्या उन्हाळ्यात मोठा दुष्काळ पडला, पिके करपली आणि जुलैमध्ये ड्रोन उडवणाऱ्या अँथनी मर्फी यांना शेतात एक भले मोठे वर्तुळ हिरवेगार उमटलेले दिसले. जमिनीखालच्या जुन्या खड्ड्यांत ओल टिकून राहिल्यामुळे तेवढ्याच जागी पीक तरारले होते. नवाश्मयुगाच्या अखेरचे हे वर्तुळ असावे, असे अभ्यासक मानतात. नदीकाठची प्रत्येक खुणेची जागा ज्या संग्रहांनी देवाधर्माशी जोडली, त्यांत या वर्तुळाविषयी कथा असल्याचे माझ्या वाचनात नाही, कारण ते सांगणाऱ्यांच्या काळात जमिनीवर दिसतच नव्हते.