वीस मिनिटांची नळी आणि लॉगबुकातली सही

२०१९ च्या बॅचपासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम क्षमताधारित झाला. विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काय करता येतं ते बघून पुढे जायचं, हा त्याचा गाभा. प्रत्येक कौशल्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत: माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवतो, एकट्यानं करतो. विद्यार्थ्याच्या लॉगबुकात, म्हणजे कौशल्यांच्या नोंदवहीत, प्रयत्न पहिला की पुन्हाचा, काम अपेक्षेइतकं झालं की कमी पडलं, अभिप्राय मिळाला का, याचे रकाने आहेत. रकाने चांगलेच आहेत. बिघडतं ते भरताना. प्रिलिमच्या तोंडावर एका बैठकीत शिक्षकांच्या पानंच्या पानं सह्या झाल्या, की त्या वहीवरून कोणाला काय येतं ते कळत नाही.

सही कधी करावी, हे विदर्भातल्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाच्या रुग्णापाशी नीट कळतं. रक्त गोठतं का, ही तपासणी घ्या. स्वच्छ, कोरडी काचेची नळी, शिरेतलं २ मिली ताजं रक्त आणि घड्याळ, एवढंच सामान. रक्त घालून नळी स्टँडला उभी ठेवायची, २० मिनिटं हात लावायचा नाही, मग एकदाच वाकवायची. रक्त वाहिलं, म्हणजे गोठलं नाही, तर घोणस (आपल्याकडची परड) किंवा फुरशाचं विष भिनलंय असं धरून सर्पविषविरोधी इंजेक्शन सुरू करायचं. डोसनंतर ६ तासांनी पुन्हा तपासायचं.

पाठ करायला चार ओळी. चुका हातून होतात. गोठण्याची क्रिया काचेच्या स्पर्शानं सुरू होते. प्लास्टिकच्या किंवा साबणानं धुतलेल्या नळीत निरोगी माणसाचं रक्तही पातळ राहू शकतं, आणि मग गरज नसलेल्या रुग्णाला रिअॅक्शनचा धोका असलेलं औषध दिलं जातं. कोणी आठव्या मिनिटालाच नळी हलवून पाहतो. सोबत आलेल्या नातेवाइकाला विचारून त्याच्या रक्ताची दुसरी नळी शेजारी ठेवली, तर नळीचा दोष लगेच उघडा पडतो.

सगळ्यात घातक चूक वेगळीच आहे: रक्त गोठलं म्हणून रुग्णाला घरी पाठवणं. मण्यारच्या विषात रक्त गोठतंच, ते विष स्नायू लुळे करतं. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतं म्हणून येतो. सूज नाही, दाताची खूण सापडत नाही, पापण्या मात्र जड झालेल्या. विद्यार्थी कोणी न सांगता पापण्या, मान उचलण्याची ताकद आणि श्वास बघतो का? बघत असेल तरच सही करावी. नसेल, तर अभिप्रायात ‘ठीक’ न लिहिता ‘मान तपासली नाही, उद्या पुन्हा’ असं स्पष्ट लिहावं. आणि ग्रामीण रुग्णालयातली ही पोस्टिंग पावसाळ्यात, निंदणी-खुरपणीच्या दिवसांत ठेवावी. उन्हाळ्यात ठेवून विद्यार्थ्यांनी पाहावं काय?

आता सर्वसमावेशकतेचं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं ओंकार गोंड प्रकरणात सांगितलं, की ४०% किंवा त्याहून जास्त अपंगत्व आहे एवढ्यावरून एमबीबीएसला अपात्र ठरवता येणार नाही. विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो का, ते अपंगत्व तपासणाऱ्या मंडळानं बघायचं. हाच विचार वॉर्डापर्यंत यायला हवा. प्रत्येक कौशल्यात जीव कशात आहे आणि सवय कशात, हे शिक्षकांनी आधी वेगळं काढावं. वरच्या तपासणीत रक्त बहुतेक वेळा सिस्टरच काढतात. डॉक्टरचं काम निर्णयाचं. एका हातानं काम करणाऱ्या विद्यार्थिनीला स्टँड पुरतो. कमी ऐकू येणाऱ्याला आवाज वाढवणारा किंवा आलेख दाखवणारा स्टेथोस्कोप द्यावा. नाडीवरून वरचं बीपी तर बोटांनीच कळतं. व्हीलचेअरवरच्या विद्यार्थ्याला खालीवर होणारी खाट लागते, आणि ती गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या रुग्णालाही लागतेच. निकष सगळ्यांना एकच ठेवावा, पद्धतीत मोकळीक द्यावी.

रुग्णांच्या बाजूनंही पाहायला हवं. सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय १९६९ चं. तिथली प्रत्येक बॅच गाव दत्तक घेऊन तिथे राहते. आता कुटुंब दत्तक घेणं सगळ्याच महाविद्यालयांना आहे. पण मेळघाटात कोरकू आणि भामरागडात माडिया बोलणाऱ्या बाईची हकिकत घेणं हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि ते तसंच शिकवावं लागतं. दुभाषा रुग्णाच्या शेजारी बसवावा, मध्ये नाही. बघायचं आणि बोलायचं रुग्णाशी. एका वेळी एकच प्रश्न. नवरा किंवा सासू दुभाषी असली, तर पाच वाक्यांचं उत्तर एका वाक्यात येतं, आणि अंगावरून जाण्याची तक्रार तर येतच नाही. तिथे आशाताईंना बोलवावं. त्यांचा वेळ आधी विचारून घ्यावा, त्यांना त्यांची कामं असतात.

शेवटी रुग्णाकडून सगळं परत वदवून घ्यायचं. वऱ्हाडी आजीला ‘समजलं का?’ विचारलं तर मान हलतेच. त्यापेक्षा ‘आजी, घरी गेल्यावर ह्या गोळ्या कशा घेसान, मले सांगा बरं’ असं विचारावं. परीक्षेत रुग्णाशी संवाद तपासणाऱ्या टप्प्यावर (स्टेशनवर) विद्यार्थी किती गोड बोलला याचे गुण कमी ठेवावेत, आणि आजीनं किती बरोबर सांगितलं याचे जास्त.