'एक्स्प्लेन मी' कुठे अडतं

'प्लीज एक्स्प्लेन मी द न्यू रूल.' हे वाक्य मी कितीतरी वर्षं बिनधास्त लिहीत होतो. 'गिव्ह मी', 'टेल मी', 'शो मी' चालतं, मग 'एक्स्प्लेन मी' का नाही? आपल्याकडे सगळीकडे एकच 'मला': मला दे, मला सांग, मला समजाव. एकदा एका वरिष्ठ सहकारी बाईंनी माझ्या मेलमध्ये दुरुस्ती केली, 'एक्स्प्लेन द न्यू रूल टु मी', आणि म्हणाल्या, "एक्स्प्लेनच्या लगेच पुढे येतं ते उलगडून सांगायचं असतं. तुम्हाला स्वतःला उलगडून घ्यायचंय का?"

तोवर मी व्याकरण वेगळं आणि शब्दार्थ वेगळा असंच शिकत आलो होतो. कुठल्या क्रियापदामागे 'टु' आणि कुठल्यामागे 'आयएनजी', याच्या याद्या पाठ करायच्या नि महिन्याभरात विसरायच्या. त्या दिवसापासून वहीत नुसतं क्रियापद लिहिणं सोडलं. अख्खं वाक्य लिहायचं आणि त्यात कोण कोणाला काय करतंय ते बघायचं.

पहिला खरा उजेड पडला तो 'स्टॉप'वर. 'आय स्टॉप्ड टॉकिंग' आणि 'आय स्टॉप्ड टु टॉक' यांत मी हमखास गोंधळायचो. एका रात्री दोन्हींचं मराठी शेजारी शेजारी लिहिलं: 'बोलायचं थांबलो' आणि 'बोलायला थांबलो'. मी बघतच राहिलो. हा फरक तर मी लहानपणापासून न चुकता करत होतो! 'बोलायला' म्हणताना बोलणं पुढे असतं, थांबण्याचा हेतू म्हणून. 'बोलायचं' म्हणताना ते आधीपासून चालू असतं. 'रिमेंबर'चंही तेच. 'रिमेंबर टु लॉक' म्हणजे कुलूप लावायचं लक्षात ठेवणं, 'रिमेंबर लॉकिंग' म्हणजे लावल्याचं आठवणं. 'टु' पुढच्या कामाकडे बघतं, 'आयएनजी' झालेल्या किंवा चालू असलेल्या कामाकडे. सगळ्या क्रियापदांना हे लागू पडत नाही ('एन्जॉय'मागे 'आयएनजी'च येतं), पण या दोघांपुरता माझा गोंधळ कायमचा मिटला.

पुढे कळलं की बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या कोबिल्ड प्रकल्पाने नेमकं हेच काम फार मोठ्या प्रमाणावर केलंय. खऱ्या वापरातली इंग्रजी वाक्यं गोळा करून त्यांनी क्रियापदं रचनेप्रमाणे लावली आणि 1996 साली ती पुस्तकरूपाने आली. एकेका रचनेखाली अर्थाचे गट आहेत, म्हणजे एका रचनेत बसणारी क्रियापदं बहुधा अर्थानेही एकमेकांची भावंडं निघतात. 'आस्क', 'अॅडव्हाइज', 'पर्स्वेड' घ्या: कोणाला तरी कामाकडे वळवायचं, म्हणून 'अॅडव्हाइज्ड मी टु गो'.

'सजेस्ट'ने मात्र मला छळलं. 'सजेस्टेड मी टु गो' चूक, 'सजेस्टेड दॅट आय गो' बरोबर. अर्थ तर 'अॅडव्हाइज'च्या इतका जवळचा! 'डोनेट'ही तसंच. देणंच असूनही 'गिव्ह'सारखं 'डोनेट देम मनी' म्हणत नाहीत, 'डोनेट मनी टु देम' म्हणतात. इथे अर्थ दारापर्यंत सोडतो, आत सवयीनेच जावं लागतं. अशा क्रियापदांसाठी वहीला मागून वेगळी पानं जोडली आहेत. 'एक्स्प्लेन' त्यातल्या पहिल्याच पानावर आहे, बाईंच्या दुरुस्तीसकट.